चौथीपर्यंतचा अभ्यास फोनवर पाठवू नका : प्राथमिकच्या बाई, सर आणि मुख्याध्यापकांना खुलं पत्र

नमस्कार,

मी कराडला राहते, मुलगा दुसरीत आहे आणि मुलगी मोठ्या शिशुवर्गात. हे पत्र कुठल्या एका शाळेला नाहीये, कारण मी ज्या ज्या आयांशी बोलले त्यांची मुलं मराठी माध्यमात असोत नाहीतर इंग्लिश मीडियमला, झेडपीच्या शाळेत असोत नाहीतर मोठी फी भरून, थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालू आहे, म्हणून सगळ्यांना मिळून लिहितेय. मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. चौथीपर्यंतच्या मुलांचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवू नका. फळ्यावर लिहा, वहीत लिहून घ्या, डायरीत दोन ओळी टाका, काहीच दिलं नाहीत तरी चालेल, पण मुलाला अभ्यासाला बसवायचं म्हणून आधी फोन हातात घ्यावा लागतोय हे थांबवा.

संध्याकाळी घरी काय होतं ते नीट सांगते, कारण ते शाळेतून दिसत नाही. ग्रुपवर मेसेज येतो साडेसहा-सातला, कधी आठला पण. त्यात एक पीडीएफ, फळ्याचे एक-दोन फोटो आणि खाली यूट्यूबची लिंक, "पालकांनी मुलांना हा व्हिडिओ दाखवून पाच वाक्ये लिहून घ्यावीत." आता बऱ्याच घरांत त्या वेळेला घरी फोन असतो एकच, आईचा. काही घरांत तोही साधा बटणांचा, स्मार्टफोन वडिलांकडे, ते कामावरून आठ-नऊला येणार आणि मग पेंगुळलेल्या पोराला जेवणाच्या ताटावरून उठवून अभ्यासाला बसवायचं. पीडीएफ ए-फोर पानाची असते, फोनवर ती मुंगीएवढी दिसते, मग मोठी करायची, डावीकडे सरकवायची, उजवीकडे सरकवायची, मूल एक शब्द बघून वहीत लिहितं तोवर स्क्रीन बंद, परत पॅटर्न टाका, परत ते पान शोधा, मध्येच कुणाचा तरी फोन येतो, मध्येच वरून नोटिफिकेशन खाली येतं आणि मूल ते दाबून मोकळं होतं. बेचे पाढे अजून अडखळत म्हणणाऱ्या मुलांना आईच्या फोनचा पॅटर्न मात्र न बघता येतो, आणि तो त्यांना कुणी शिकवलेला नसतो, अभ्यास करता करता पाठ होतो.

लिंकचं तर वेगळंच. आम्ही घरी यूट्यूब किड्स टाकून ठेवलंय, त्यात वय लिहिलंय, सर्च बंद केलाय, वेळ लावलीय. पण व्हॉट्सॲपवरची लिंक दाबली की ती त्या ॲपमध्ये उघडत नाही, ती उघडते नेहमीच्या यूट्यूबमध्ये, माझ्या अकाउंटवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या अकाउंटवर. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ असतो पाण्याच्या अवस्थांचा, चांगला असतो, चार मिनिटांचा. तो संपला की ऑटोप्ले पुढचा लावतो, खाली दहा चित्रं दिसतात, त्यात खेळण्यांची पाकिटं फोडणारे, किंचाळणारे, गाड्या आदळणारे, आणि शॉर्ट्सची पट्टी असतेच, बोट वर नेलं की नवीन, परत वर नेलं की अजून एक. शॉर्ट्स आपल्याकडे २०२० च्या सप्टेंबरात सुरू झाले, जगात सगळ्यात आधी भारतात. म्हणजे आज पहिली-दुसरीत असलेल्या मुलांना शॉर्ट्स नसलेलं यूट्यूब आठवतही नसणार. मोठ्या माणसाला त्यातून बाहेर यायला जड जातं, सहा-सात वर्षांच्या मुलाने स्वतःहून फोन खाली ठेवावा ही अपेक्षाच चुकीची आहे. मग मी फोन काढून घेते, मग रडारड, मग ती पाच वाक्यं मी सांगते आणि तो डोळे पुसत लिहितो. दुसऱ्या दिवशी वहीवर तुमची लाल शाईची बरोबरची खूण येते, पण त्या पाच वाक्यांत मुलाचं काहीच नसतं हो.

आता तुम्ही म्हणाल, मोठ्यांनी शेजारी बसावं. बसतो की. पण मला जे खरं सांगायचंय ते हे आहे की या वयात घरात बाईंच्या शब्दापुढे आमचा शब्द चालत नाही, आणि ते चांगलंच आहे, मुलाचा आपल्या बाईंवर इतका विश्वास असतो याचा मला आनंदच वाटतो. बाईंनी सांगितलं नखं कापून या की तो स्वतः नेलकटर घेऊन येतो. बाईंनी सांगितलं डब्यात पोळी-भाजीच आणायची की दुसऱ्या दिवसापासून बिस्किटांचा हट्ट बंद. त्याच बाईंच्या नावाने जेव्हा फोन हातात येतो तेव्हा आम्ही वर्षभर धरलेला नियम एका मिनिटात जातो. "बाईंनीच सांगितलंय बघायला" या वाक्यापुढे आईजवळ उत्तर नसतं, कारण बाईंनी खरंच सांगितलेलं असतं. आणि मुलं हुशार असतात, अभ्यास नसलेल्या दिवशी पण "अभ्यास बघायचाय" म्हणून फोन मागतात, तेव्हा नाही म्हणायचं तर आधी ग्रुप उघडून दाखवावा लागतो की बघ आज काही नाही आलं.

आमचं म्हणणं फोनच नको असं अजिबात नाहीये. मुलांना फोन कसा वापरायचा हे घरात शिकवावं लागतं आणि आम्ही ते शिकवतोय, मन लावून शिकवतोय. आमच्या घरात मुलं फोन बघणार ते बाहेरच्या खोलीत, मोठं माणूस शेजारी असताना, आणि काय बघायचं ते फोन उघडायच्या आधी ठरवून. मागच्या पावसाळ्यात मुलाने विचारलं पालीची शेपटी तुटली तर परत येते का, आम्ही दोघांनी शोधलं, तीन मिनिटांचा व्हिडिओ बघितला, फोन ठेवला, आणि मग दोन दिवस तो भिंतीवरची प्रत्येक पाल बघून कुठलीची शेपटी नवीन ते सांगत होता. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल आम्ही स्क्रीन टाइममध्ये धरतच नाही, तो जेवढा वेळ चालेल तेवढा चालू दे. जेवताना फोन कुणीच घ्यायचा नाही, मुलांच्या बाबांनी पण नाही, आणि हा नियम त्यांनाच सगळ्यात जड गेला, पण पाळतात, कारण मुलं आपण सांगतो ते ऐकत नाहीत, आपण करतो ते उचलतात. टीव्हीचं मला तेवढं भय वाटत नाही, टीव्ही स्वयंपाकघरात ऐकू येतो, काय चाललंय ते कळतं, मधूनच ओरडून विचारता येतं की तो कोण आहे रे, फोन घेऊन मूल कोपऱ्यात तोंडाशी धरून बसतं तेव्हा काहीच कळत नाही.

पेरेंटल कंट्रोल लावा असं पालक सभेत सांगतात. त्यावरही बोलायला हवं, कारण सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे घर असतं ते आमचं नसतं. गूगलचं फॅमिली लिंक आहे ते मुलाचं वेगळं अकाउंट आणि मुलाचा वेगळा फोन नाहीतर टॅब धरून बनवलंय. आमच्याकडे मुलाचा फोन नाहीच, आणि तो नसावा असंच आम्हाला वाटतं. आहे तो आईचा, त्यावर बँक आहे, जीपे आहे, गॅसचं बुकिंग आहे, बचत गटाचा ग्रुप आहे. अशा फोनवर एक गोष्ट खरंच उपयोगी पडते, अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲप पिनिंग असतं, ते चालू करून पिन विचारायचा पर्यायही निवडला की उघडलेल्या ॲपच्या बाहेर पिन टाकल्याशिवाय जाता येत नाही, आयफोनवाल्यांना गाईडेड ॲक्सेस आहे. कॅल्क्युलेटर, फोटो, आजीचा कॉल, यासाठी ते छान चालतं, ज्यांना माहीत नसेल त्यांनी जरूर वापरा. पण तुमची लिंक यूट्यूबची असते आणि शॉर्ट्स त्याच यूट्यूबच्या आत असतात, बाहेर जायची गरजच पडत नाही, तिथे पिनिंग काय करणार.

डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला माहीत असेल तरी सांगते. इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स म्हणजे आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, त्यांनी स्क्रीनबद्दल सूचना काढल्यात. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी कधीमधी व्हिडिओ कॉल सोडून. दोन ते पाच वर्षं, दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पाच ते दहा वर्षं, दोन तासांच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये लहान मुलांसाठी सूचना काढल्या, त्यातही दोन ते चार वर्षांना एका तासाची मर्यादा आहे आणि कमी असेल तेवढं चांगलं असं लिहिलंय. यात टीव्ही धरलाय, फोन धरलाय, सगळं मिळून. म्हणजे माझ्या मुलीच्या वाट्याला दिवसाचे दोन तासही नाहीत, त्यातला अर्धा तास जर शिशुवर्गाच्या ॲक्टिव्हिटीचा व्हिडिओ बघण्यात जाणार असेल तर तिने कार्टून कधी बघायचं? तिला पण हक्क आहे की थोडी मजा करायचा.

आणि हे सगळं सरकारी कागदात पण आहे, मी नवीन काही मागत नाहीये. केंद्राने २०२० मध्ये दप्तराचं धोरण काढलं, स्कूल बॅग पॉलिसी, सगळ्यांना त्यातलं दप्तराचं वजनच आठवतं, पण त्यात गृहपाठावर पण स्पष्ट लिहिलंय. दुसरीपर्यंत गृहपाठ द्यायचाच नाही. तिसरी ते पाचवी, आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, दिवसाला नाही, आठवड्याला. आणि पहिली-दुसरीच्या मुलांना काय करायला सांगावं तर त्यांनी वर्गात बोलावं, काल संध्याकाळी घरी काय केलं, काय खेळलो, काय जेवलो. किती सुंदर आहे हे! माझा मुलगा यावर अर्धा तास बोलेल, त्याला फक्त विचारा. त्याच वर्षी जुलैमध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी प्रज्ञाता नावाच्या सूचना आल्या, त्या वेळी तर शाळा पूर्ण बंद होत्या, दुसरा मार्गच नव्हता, तरीसुद्धा त्यात पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटांच्या वर नको, तेही पालकांशी बोलायला, आणि पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोन सेशन, असं बांधून दिलं होतं. तेव्हा एवढी काळजी घेतली. आता मुलं रोज शाळेत येतायत, पाच-सहा तास तुमच्यासमोर बसतायत, आणि त्यावर घरी आल्यावर परत फोन.

ही सवय लागली कुठून ते सगळ्यांनाच माहीत आहे. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या, ग्रुप बनले, आणि शाळा सुरू झाल्यावर ग्रुप तसेच राहिले. पण त्याच काळात आपल्याच शिक्षकांनी आणि संस्थांनी फोनशिवाय काय काय केलं तेही आठवा ना. सोलापूरच्या नीलमनगर भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांची वस्ती आहे, घरोघरी स्मार्टफोन कुठून असणार, तिथल्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, मुलं गल्लीतून फिरत फिरत शिकत होती. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोलकी शाळा चालली, लाऊडस्पीकरवरून धडे, मुलं अंतर राखून अंगणात बसून ऐकायची. सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली लागायची, त्यात एक घर, त्यातली माणसं, घरातल्याच वस्तू घेऊन शिकणं, ती टीव्हीवर होती म्हणून ज्यांच्याकडे नेट नव्हतं तीही मुलं बघायची. ज्या शिक्षकांनी साथीच्या काळात भिंती रंगवल्या त्यांच्या बिरादरीला आज वर्गात फळा समोर असताना अभ्यास फोनवर का पाठवावा लागतो, हा प्रश्न मी रागाने विचारत नाहीये, मला खरंच वाटतं की तुम्हाला फोनची गरज नाही. तुम्ही त्याच्याशिवाय जास्त चांगलं शिकवता.

आता व्हिडिओ मागण्याबद्दल. "उद्यापर्यंत कविता म्हणतानाचा व्हिडिओ पाठवा", "आषाढीनिमित्त विठ्ठल-रखुमाईच्या वेशातला व्हिडिओ पाठवा", "घरी रोप लावतानाचा फोटो पाठवा". मला हे अभ्यासापेक्षाही जास्त टोचतं. कविता म्हणताना मूल पहिल्यांदा मनापासून म्हणतं, मध्ये अडखळतं, आपण रेकॉर्ड केलेलं त्याला दाखवतो, मग त्याला स्वतःच नको वाटतं, परत घे म्हणतं, परत घेतो, केस नीट करतो, मागचं कपड्यांचं स्टँड हलवतो, हळूहळू कविता राहते बाजूला आणि मूल कॅमेऱ्यात बघायला शिकतं. साडेपाच वर्षांची माझी मुलगी विचारते, माझ्यावर किती बदाम आले? कुणाच्या व्हिडिओला बाईंनी टाळ्या दिल्या, कुणाच्या व्हिडिओला नुसता अंगठा, हे आयांच्या लक्षात येतं आणि आयांच्या चेहऱ्यावरून मुलांच्या लक्षात येतं. ज्यांच्या घरी फोन नाही किंवा आई दिवसभर शेतात असते त्यांच्या मुलांचा व्हिडिओ येतच नाही, मग "खालील विद्यार्थ्यांचे व्हिडिओ आले नाहीत" अशी यादी पडते, नावांसकट, सगळ्या ग्रुपमध्ये. त्या मुलाने काय करायचं? त्याला कविता येत असते हो. वर्गात उभं करा, म्हणेल.

शिवाय ते व्हिडिओ जातात कुठे. पन्नास-साठ पालकांच्या फोनमध्ये सेव्ह होतात, काही शाळेच्या फेसबुक पानावर जातात, काहींचं गाणं लावून रील बनतं. आम्हाला विचारलेलं नसतं. वर्षाच्या सुरुवातीला एका फॉर्मवर सही घेतलेली असते त्यात हे होतं की नव्हतं ते कुणालाच आठवत नाही. २०२३ साली केंद्राने डिजिटल वैयक्तिक डेटाचा कायदा केला, त्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी आई-वडिलांची संमती लागते असं तत्त्व घातलंय. शाळांना त्यातून काय काय सूट आहे ते वकील सांगतील, मला एवढंच कळतं की माझ्या मुलीचा चेहरा, तिचं नाव, वर्ग आणि शाळेचा गणवेश एकाच व्हिडिओत अनोळखी माणसांपुढे जाऊ नये. कार्यक्रमाचा फोटो हवा असेल तर शाळेत तुम्ही काढा, लांबून, सगळ्यांचा मिळून.

मला हे पण माहीत आहे की यातलं सगळं तुमच्या मनाने चालत नाही. माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला वरून मेसेज येतो की अमुक दिन साजरा केल्याचे फोटो चारपर्यंत अपलोड करा, लिंक भरा, पालकांच्या सहभागाचे फोटो जोडा, आणि ती बिचारी मुलांना वाचायला बसवून स्वतः फोनवर फोटो लहान करत बसते कारण साइटवर मोठा फोटो जात नाही. शिक्षकांनी शिकवायचं सोडून पुरावे गोळा करत बसायचं ही पद्धत वाईट आहे आणि तिचा भार शेवटी येऊन पडतो तो घरातल्या त्या एका फोनवर आणि त्या मुलावर. म्हणून हे पत्र केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी साहेबांनी पण वाचावं. प्राथमिकच्या मुलांकडून, पालकांमार्फत, फोटो-व्हिडिओ मागवणारा कुठलाही उपक्रम काढू नका. खाजगी शाळांच्या संस्थाचालकांना वेगळं सांगायचंय, व्हॉट्सॲपवर रोज चार गोष्टी पाठवल्या म्हणजे पालकांना फीचं चीज झाल्यासारखं वाटतं हा तुमचा हिशोब असेल, आणि काही पालक तसे आहेत पण, "त्या शाळेत रोज वर्कशीट येते, आपल्याकडे का नाही" असं विचारणारे, मी ग्रुपवर वाचलंय. त्यांना समजावून सांगा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.

काही अडचणी सांगितल्या जातात त्यावर बोलते. मूल गैरहजर असेल तर? तर दुसऱ्या दिवशी मित्राची वही बघेल, आम्ही सगळे तसंच शिकलो, आणि पहिलीतल्या मुलाचा एक दिवस बुडाला तर काही बिघडत नाही. प्रिंट काढायला खर्च येतो? प्रिंट नकोच आहे. आत्ता ती पीडीएफ आम्ही झेरॉक्सच्या दुकानात रांग लावून काढतोय, म्हणजे खर्च तर होतोच, फक्त आमचा होतो. चौथीचं मूल फळ्यावरच्या तीन ओळी उतरवून घेऊ शकतं आणि तेही शिकणंच आहे, आपला अभ्यास आपण लिहून आणायचा, आईने ग्रुपवर बघायचा नाही. नोकरी करणाऱ्या पालकांना फोनवर सोयीचं पडतं? मी स्वतः दुकानात काम करते, मला वही सोयीची पडते, रात्री नऊला उघडली तरी ती तिथेच असते, वर जाऊन दोनशे मेसेजमधून शोधावी लागत नाही. ग्रुप बंद करा असंही मी म्हणत नाही. उद्या सुट्टी, फी, सहल, लसीकरण, पाऊस जास्त आहे म्हणून लवकर सोडतोय, याला ग्रुपसारखं दुसरं काही नाही. तो मोठ्यांचा मोठ्यांशी बोलायचा ग्रुप राहू दे.

आणि "मुलांना टेक्नॉलॉजी यायला हवी ना, जग कुठे चाललंय", हे तर नेहमीचं. यायला हवीच. पण बोट वर सरकवायला शिकवावं लागत नाही, दीड वर्षाचं बाळ पण ते करतं. जे शिकवावं लागतं ते हे की समोर दिसतंय ते खरं कशावरून, जाहिरात कुठली आणि माहिती कुठली, कुणी काही विचारलं तर काय सांगायचं नाही, आणि बंद कधी करायचं. ते तुम्ही शाळेत शिकवा. वर्गात एक मोठा टीव्ही असतो, बऱ्याच झेडपीच्या शाळांत पण लोकवर्गणीतून आलाय, त्यावर तोच पाण्याचा व्हिडिओ सगळ्यांना मिळून दाखवा, मध्ये थांबवा, विचारा, बर्फ ठेवून दाखवा, परत लावा. चाळीस मुलं एकत्र बघतायत आणि बाई मध्ये बोलतायत यात आणि एक मूल एकटं फोन धरून बसलंय यात फार फरक आहे, वेळ तेवढाच असला तरी. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, ते पण वर्गातच उघडा. स्वीडनसारख्या देशाने, जिथे शाळाशाळांत टॅब होते, २०२३ मध्ये छापील पुस्तकांवर परत पैसा घातला. तैवानमध्ये मुलांचे चष्मे फार वाढले तेव्हा २०१० पासून शाळांनी मुलांना दिवसातून १२० मिनिटं बाहेर उघड्यावर न्यायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं वाढत गेलेला आकडा खाली यायला लागला. शाळेने मनावर घेतलं की होतं, घर एकटं पुरं पडत नाही.

आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायला लागला, टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुलं अभ्यासाला, वाचायला, घरातली माणसं एकमेकांशी बोलायला, साडेआठला दुसरा भोंगा. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा ताई, निवृत्त शिक्षक घरोघर जाऊन सांगायचे. याची बातमी देशभर झाली, बाहेरच्या देशांतल्या पेपरांत पण आली. मला ती वाचून पहिल्यांदा हाच प्रश्न पडला की आमच्या गल्लीत असा भोंगा वाजला तर सात ते साडेआठ आम्ही अभ्यास कुठून बघणार, कारण अभ्यासच फोनमध्ये आहे. एखाद्या सोसायटीने, वाडीने असं काही करायचं ठरवलं तर शाळेची साथ असल्याशिवाय ते होणार नाही.

म्हणून मागणी परत नीट लिहिते. दुसरीपर्यंत गृहपाठ नको, धोरणात आहे तसं. तिसरी-चौथीला जो द्याल तो मुलाने स्वतः वहीत लिहून आणलेला असावा आणि पुस्तक, वही, घरातली माणसं, अंगण एवढ्यावर होणारा असावा. आजीला विचार ती शाळेत कशी जायची, असा एक प्रश्न दिलात तर माझा मुलगा आणि माझ्या सासूबाई तासभर बसतील, मी सांगते ना. पाठवायचीच असेल एखादी लिंक तर ती पालकांसाठी म्हणून पाठवा, सुट्टीच्या दिवशी पाठवा, आणि बघितलीच पाहिजे असं म्हणू नका. मुलांचे व्हिडिओ मागू नका, न पाठवणाऱ्यांची नावं ग्रुपवर टाकू नका. संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर काही टाकू नका, त्यात तुमचीही संध्याकाळ मोकळी होईल, तुमच्या घरी पण लहान मुलं आहेत.

आणि हे मुलांना तुम्हीच सांगा. वर्गात उभं राहून एकदा म्हणा की आजपासून अभ्यासासाठी फोन लागणार नाही, घरी कुणी अभ्यास आहे म्हणून फोन मागायचा नाही. तुमच्या तोंडून आलेलं ते एक वाक्य आमच्या महिनाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त काम करेल.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात, खाजगी शाळांत शिक्षक-पालक संघ असतो. आम्ही पालक हा विषय लेखी देणार आहोत, पुढच्या बैठकीत तो विषयपत्रिकेवर घ्या आणि काय ठरलं ते इतिवृत्तात लिहा. बैठक संध्याकाळी ठेवलीत तर कामावर जाणाऱ्या आया पण येऊ शकतील. मी येणार आहे, आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणी येतो म्हणाल्यात.

आपली,
दुसरीतल्या मुलाची आणि मोठ्या शिशुवर्गातल्या मुलीची आई
कराड